'भागाकार', 'बाकी', 'अंक', 'संख्या': असेम्ब्लीच्या टिपांत नेमकं काय लिहावं?

प्रश्न
असेम्ब्लीतल्या (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहायची भाषा) एका छोट्या रुटीनला मराठी टिपा (कॉमेंट) जोडतोय. रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीतला) पूर्णांक शून्य उरेपर्यंत १० ने भागत जायचा, बाकी गोळा करायची आणि मजकूर छापायचा, एवढंच काम. टीप लिहिली: 'भागाकार करा, मग भागाकार पुन्हा भागा.' सोबत्याने विचारलं, कुठला भागाकार? शिवाय ५७ दिला की काही छापण्याआधीच सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येतो.

प्रतिसाद
शाळेत भाज्य, भाजक, भागाकार, बाकी असं शिकलो. म्हणजे भागाकार हे उत्तर. पण क्रियेलाही आपण तेच म्हणतो. मी टिपांत क्रियेला 'भागणे' म्हणतो आणि 'भागाकार' फक्त उत्तरासाठी राखतो. 'भागफल' हिंदीत चालतं, मराठी कानाला ते परकं वाटतं.

जीडीबीत (चुका शोधायच्या डीबगरमध्ये) एकेक सूचना चालवा आणि दुसऱ्या भागण्याआधी ईडीएक्स हे रजिस्टर बघा, बाकी तिथेच येते. तिथे ७ दिसेल. ३२ बिटी भागण्यात भाज्य एकट्या ईएएक्स रजिस्टरमध्ये नसतो, ईडीएक्स आणि ईएएक्स मिळून होतो. आधीची बाकी ७ तशीच राहिल्यामुळे तुम्ही ५ ला नव्हे, ३००६४७७१०७७ ला भागताय. भागाकार येतो ३००६४७७१०७, तो शून्यापर्यंत उतरायचं नावच घेत नाही आणि बफर (छापायचा मजकूर साठवायची जागा) ओलांडला जातो. दर वेळी भागण्याआधी ईडीएक्स शून्य करा.

आणखी एक
'बाकी'पेक्षा 'शेष' बरा नाही का? बाकी म्हटलं की उधारी आठवते.

प्रतिसाद
आठवू दे की! इथे झालंय तेच, मागची बाकी पुढच्या हिशेबात घुसली. टीप लिहा: 'मागची बाकी पुसा'. वाचणारा विसरणार नाही.

प्रश्नकर्ता
पुसली. आता फॉल्ट नाही, पण स्क्रीनवर अक्षरही नाही. टर्मिनल नुसतं 'टिंग' करतं. टीप आहे: 'बाकी म्हणजे शेवटचा अंक, तो बफरमध्ये ठेवा.'

प्रतिसाद
घोळ त्या टिपेतच आहे. बोलताना आपण अंक, आकडा, नंबर सगळं एकाच पोत्यात भरतो आणि एरवी त्याने काही बिघडत नाही. पण अंक म्हणजे मुळात खूण. 'अंकित', 'चक्रांकित' या शब्दांत तोच अर्थ आहे. संख्या म्हणजे किती ते. अंक दहाच, संख्यांना अंत नाही. तुमची बाकी ही सात ही संख्या आहे, सातची खूण नव्हे. आस्कीत (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) ७ व्या क्रमांकावर घंटा बसलीय, तीच वाजली. बाकी ९ आली असती तर टॅब पडला असता. सातच्या खुणेचा क्रमांक ५५, शून्याच्या खुणेचा ४८. म्हणून प्रत्येक बाकीत ४८ मिळवायचे. टीप अशी हवी: 'बाकीचा अंक करा'.

(देवनागरी अंक हवे असतील तर काम वाढतं. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) प्रत्येक अंकाला तीन बाइट लागतात: २२४, १६५ आणि १६६ अधिक बाकी.)

प्रश्नकर्ता
छापलं! पण ७५. याला 'उलटा क्रम' म्हणू?

आणखी एक
उलटा कोणाच्या दृष्टीने? एकं, दहं, शतं म्हणताना आपण एककापासूनच निघतो. 'सत्तावन्न' शब्दातही सात आधी, पन्नास मागून. शब्दांत संख्या सांगायची जुनी रीत घ्या: मुनी म्हणजे ७, बाण म्हणजे ५, आणि 'मुनिबाण' म्हणजे ५७. अंकानां वामतो गतिः, अंक डावीकडे सरकतात. तुमचं रुटीन हा नियम अर्धाच पाळतंय: निघतं एककापासून, पण लिहीत जातं उजवीकडे.

प्रतिसाद
हे आवडलं. मग उलटवायची वेगळी फेरी कशाला? बफरच्या शेवटच्या जागेपासून लिहा आणि पॉइंटर (लिहायची जागा दाखवणारा पत्ता) दर अंकाला एकने मागे घ्या. देवनागरी केलंत तर मात्र तीन जागा मागे, आणि त्या तीन बाइटांचा आपसातला क्रम तोच ठेवा. हो, ० देऊनही बघा. 'भागाकार शून्य झाला का' ही तपासणी भागण्याआधी असेल तर काहीच छापलं जाणार नाही. ती भागल्यानंतर हवी.

प्रश्नकर्ता
० खरंच गायब होता. तपासणी खाली नेली, आता ५७ आणि ० दोन्ही नीट येतात. टिपा आता अशा: 'मागची बाकी पुसा. संख्या १० ने भागा. बाकीचा अंक करा. डावीकडे सरका. भागाकार उरला असेल तर पुन्हा.' सोबत्याला दाखवल्या. 'सरका' कोणाला म्हणतोयस, एवढंच त्याने विचारलं. 'पॉइंटर डावीकडे सरकवा' केलंय.