४० किलोच्या बोकडाचं मटण किती पडेल? लवकर सांगा

विट्याचा गडी: परवा जत्रा. बोकड ठरवलाय, ४० किलो भरला. व्यापारी छातीठोक सांगतोय, २५ किलो मटण पडणार. एवढं पडतं का? आचारी सारखा फोन करतोय, वाटण किती काढू म्हणून.

माणदेशी: कधी तोलला? खाऊन का उपाशी? माणसं किती? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

विट्याचा गडी: दुपारी, बाजारात. खाल्लं असेल की. माणसं दीडशे.

माणदेशी: मग २५ विसरा. पोटातला चारा-पाणीच दोन-तीन किलो असतो. रात्री चारा टाकू नका, नुसतं पाणी ठेवा आणि सकाळी तोला. त्याच्या ४५ ते ५० टक्के मटण, हाडासकट. मुंडी, पाय, वजडी, काळीज वेगळं.

जतकर: काटा कशाला? आमचे वडील कमरेच्या मणक्यावर अंगठा दाबून सांगायचे. टोकं टोचली की हाड जास्त, मऊ लागलं की बोकड भरलेला. खरं तर माडग्याळ जातीचा मेंढाच घ्यायचा होता.

माणदेशी: अंगठ्याला मांस कळतं, किलो नाही. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ३०, लांबी २९ आली तर साडेएकोणचाळीस किलो.

खटावकर: पावसाळ्याआधी पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची, लस टोचून घ्या सगळ्यांनी. माझी पाच करडं गेली.

विट्याचा गडी: अहो, मला परवाचं सांगा!

गुरांचा डॉक्टर: २५ म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. तो आकडा परदेशात धान्यावर पोसलेल्या मांसाच्या बैलांचा. तिथंही ते सोललेल्या धडाचं वजन. हाडं, चरबी काढली की जिवंत वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच मांस हाती लागतं. बोकडाला तो हिशोब लावू नका.

विट्याचा गडी: आज सकाळी तोलला. ३७. जास्तीत जास्त १८ धरतो. दीडशे पानांना नाही पुरत. दुसरा बघायला आटपाडीला निघालोय.

जतकर: नगावर घेऊ नका, तोलून मागा. पोट टम्म दिसलं तर सोडून द्या, काही जण मिठाचं पाणी पाजून आणतात. आणि मुंडी मानकऱ्याकडे जात असेल तर आचाऱ्याला आधीच सांगा.