दुसरा चॅप्टर दोन महिने हातातून सुटतच नाहीये

कलिना_एमए: एमए सेकंड इयरला आहे, डिझर्टेशन चालू आहे. शाळेपासून कायम पहिल्या तिघांत असायचे. आता दुसरा चॅप्टर दोन महिने तसाच अडकलाय. गाइडनी आठ पानं वाचून फक्त दोन शब्दांना पेन्सिलीने गोल केला आणि खाली 'पुढे लिही' लिहिलं, मी मात्र आठच्या आठ पानं परत लिहायला घेतली. ट्रेनमध्ये बसायला मिळालं की प्रिंटआउट काढते, कुर्ला येईपर्यंत एकच पॅरा तीनदा खोडून झालेला असतो. या सवयीमुळेच इथवर आले ना? मग ती सोडली तर मार्क जातील का?

पीएचडीवाला_दादा: अगं, सायकॉलॉजी हाच माझा विषय आहे म्हणून सांगतो. चांगलं करायची ओढ वेगळी आणि चुकायची धास्ती वेगळी, आपण दोन्हीला परफेक्शनिझमच म्हणतो तिथेच घोळ होतो. २०१९ मध्ये मॅडिगन या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर ओढ जास्त तिथे मार्क थोडे चांगले, धास्ती जास्त तिथे थोडे कमी. म्हणजे तुला इथवर ओढीने आणलंय, धास्तीने नाही. आणि अजून एक, लोकांना माझ्याकडून परफेक्टच हवंय असं वाटत राहणं, हा परफेक्शनिझमचा प्रकार ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ लाच मांडला होता, अमेरिका, कॅनडा, ब्रिटनच्या कॉलेजच्या मुलांमध्ये १९८९ ते २०१६ या काळात परफेक्शनिझमच्या प्रकारांपैकी तोच सगळ्यात जास्त वाढलेला दिसला. आपल्याकडे तर दहावीपासून अख्खी बिल्डिंग टक्के विचारते, मनावर त्याचं ओझं राहतंच.

ठाणेकर_मीनल: दादांचं पटलं. माझं सबमिशन याच पायी एक टर्म पुढे गेलं, त्या सहा महिन्यांत चॅप्टर काही सुधारला नाही, फक्त मी आईशी बोलायचं टाळायला लागले, कारण ती रोज 'झालं का गं' विचारायची. तू गाइडना वार सांगून टाक आणि त्या दिवशी जे असेल ते दे. चुका काढणं हे त्यांचं काम आहे, ते त्यांना करू दे.

सुहास_मुलुंड: झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. लाजू नकोस.

कलिना_एमए: झोपेचं खरंय दादा. मीनलताई, गाइडना मेसेज टाकला, शुक्रवारी देते म्हणून. सहावं पान अजून खटकतंय पण आज हात लावला नाही.