दशमांश पट्टीच्या आकड्यावर द्यायचा की हातात आलेल्या पैशावर?

कातळावरचा:
जय ख्रिस्त मंडळी. आधीच सांगतो, द्यायला माझा विरोध नाही. रत्नागिरीकडे आता घराघरात प्रार्थना सभा चालतात, ड्रम, कीबोर्ड, साक्षी, सगळं जोरात, आणि खरं तर जुन्या चर्चच्या झोपाळू उपासनेपेक्षा तिथं जास्त जीव आहे. पण दशमांशावर जे चालतं ते पटत नाही. बायबलमधलं मलाखी ३ काढायचं, तुम्ही देवाला ठकवताय असं ऐकवायचं आणि दर महिन्याच्या उत्पन्नाचा दहावा भाग मागायचा. अहो, दर महिन्याला उत्पन्न असतं कोणाला? पगारदाराला. आंबेवाल्याचं बघा, मोहोर दिसला की फवारण्या सुरू, त्याला पैसा दलालाची उचल, मार्च ते मे माल वाशीला जातो, मग पट्टी म्हणजे दलालाच्या हिशोबाचा कागद येतो, त्यात कमिशन, हमाली, गाडीभाडं कापलेलं आणि वर उचल वळती करून घेतलेली. वरचा आकडा बघून शेजारी जळतो, खालचा बघून घरात भांडण होतं. यातल्या कुठल्या आकड्याचा दहावा भाग? विचारलं तर म्हणतात विश्वासाने एकूण रकमेवर द्या. म्हणजे औषधवाल्याची उधारी तशीच ठेवून? २ करिंथ ९:७ मध्ये पौल म्हणतो ज्याने त्याने मनात ठरवलं तसं द्यावं, कुरकुरत नाही, जबरदस्तीने नाही. हे का नाही वाचत कोणी?

वचन आधी:
भाऊ, दशमांश मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीचा आहे. उत्पत्ती १४ मध्ये अब्राहामाने मलकीसदेक याजकाला दहावा भाग दिला तेव्हा नियमशास्त्र होतं कुठे? आणि मत्तय २३:२३ मध्ये प्रभू परूशी धर्मपुढाऱ्यांना पुदिना नि जिऱ्याच्या दशमांशावरून बोलतो तेव्हा तो देऊ नका म्हणत नाही, न्याय, दया, विश्वास आधी करा आणि तेही सोडू नका म्हणतो. मोबाइलचा हप्ता कापून जातो तेव्हा कोणी मनापासून-बिनापासून विचारत नाही, देवाची वेळ आली की सगळ्यांना खर्चाचा हिशोब आठवतो.

कातळावरचा:
अब्राहामाने लढाईतल्या लुटीचा दिला हो, तो पण एकदा. दर महिन्याला लूट आणत होता असं कुठे लिहिलंय? आणि अनुवाद १४ पूर्ण वाचा. तिथला दशमांश शेतातल्या पिकाचा आहे, धान्य, द्राक्षारस, तेल. तो देवासमोर घरच्यांबरोबर खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षाचा गावातच ठेवून उपासनेची सेवा करणारे लेवी, परदेशी, अनाथ, विधवा यांना. आमच्या सभेत विधवेला काय मिळतं ते सांगू का? तिच्याकडूनच घेतात.

बंदरावरनं:
कातळावरचा यांना बागेचं तरी सांगता येतं. बोटीवर काय करायचं? डिझेल, बर्फ, रेशन वजा करून जे उरतं त्यात मालकाचा वाटा नि मग खलाशांचे वाटे, कधी कधी फेरी बर्फाचे पैसेसुद्धा काढत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, घरात बसून. तरी माझी बायको देते. तिला कोणी भीती घातली नाही, पावसाळ्यात आमच्या पोराला ताप चढला तेव्हा पाळक रात्री स्वतः गाडी काढून घेऊन गेले होते, ती ते विसरत नाही. म्हणून म्हणतो दोन्ही खरं आहे. पण बंदीच्या दोन महिन्यांत फोन करून राहिलेल्या दशमांशाची आठवण करून देणारे पण आहेत, ते मात्र सहन होत नाही.

पाळकांच्या घरून:
मी एका छोट्या मंडळीच्या पाळकाची बायको. रात्रीची गाडी काढणाऱ्यांपैकीच. सगळे पाळकाला बोलतात म्हणून लिहिते. आम्हाला ना पगार ना पीएफ ना क्वार्टर, भाडं आम्हीच भरतो. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) पाळकाला मागे डायसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत आहे, आमच्यामागे कोण आहे? १ करिंथ ९:१४ मध्येच आहे की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर जगावं. हॉस्पिटलात बसायचं, लग्न जुळवायचं, दारुड्याला रात्री समजावायचं, मयताला पहिलं जायचं, आणि मग देणारा म्हणतो मनाला येईल तेव्हा. मनाला येईल तेव्हा किराणावाला थांबतो का?

जुनी मंडळी:
ताईंचं दुखणं खरं आहे पण उपाय चुकीचा आहे. इतिहास बघा ना. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले तेव्हापासून पैसा बाहेरून येत होता, त्याची सवय लागली. करजगावचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, आपल्या कोकणचेच, त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार सुरू केला, मिशनच्या पैशाविना इथल्या मातीतला ख्रिस्ती धर्म म्हणून. आता मिशनचा पैसा गेला आणि त्याच्या जागी एकट्या पाळकाचा क्यूआर कोड आला, फरक काय? बरं, आमच्याकडे हार्वेस्टला, म्हणजे कापणीच्या सणाला, नारळ, सुरण, भात, कोंबडा असं काही ना काही घेऊन येतात आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव, एका नारळावर दोन काका हट्टाला पेटतात आणि भाव कुठच्या कुठे जातो. ज्याच्याकडे पैसा नाही तो केळीचा घड आणतो, कोणी विचारत नाही दहावा भाग झाला का. (गेल्या खेपेला कोंबडा सुटून वेदीपर्यंत गेला होता, ते असो.)

वेंगुर्ल्याचो:
माका एक सांगा, आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दशमांशाची सक्ती नाय, तरी फेस्ताक सगळे देतंत. मग तुमचो पाळक घाबरवता कित्याक? नि ताप इलो तर प्रार्थना करूनच बरो होतलो असा सांगणारे पण भेटलेत माका, थयसर मी लगेच उठान भायर इलंय.

वचन आधी:
विषय दशमांशाचा आहे, बरं होण्याचा नाही. आणि जुनी मंडळीवाल्यांना विचारतो, लिलावात जो नारळ हजारावर जातो तो पैसा कुठे जातो? तुमच्या कमिट्यांची भांडणं कोर्टापर्यंत गेलेली सगळ्यांना माहीत आहेत.

जुनी मंडळी:
हो, भांडणं होतात, लपवत नाही. पण भांडायला निदान वह्या तरी असतात. सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० चा आहे, नोंदणीकृत ट्रस्टला ऑडिट करावं लागतं. तुमच्या सभेत पैसा पाळकाच्या वैयक्तिक खात्यावर जात असेल तर तिथे भांडायला पण जागा नाही.

पाळकांच्या घरून:
आमचा हिशोब आम्ही दर महिन्याला भिंतीवर लावतो, भाड्यासकट. ते वाचायला कोण थांबतं ते पण एकदा विचारा. मागच्या महिन्यात भाडं थकलं हे त्यात लिहिलेलं होतं, दोघांनी वाचलं. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने विचारलं भाडं जास्त नाही का.

कातळावरचा:
ताई, असा कागद भिंतीवर लागला तर माझा विरोध अर्धा मिटला. आमच्या पाळकांना विचारलं होतं तर म्हणाले, हिशोब देवाकडे आहे.

बंदरावरनं:
मग देवाला सांगा, ऑगस्टात बोटी सुटायच्या आधी एकदा वाचून दाखव म्हणून 😄