६० च्या आसपास हँडल लटपटतंय, कोनसेट टाइट करूनही परत तेच

घाटवेडा:
मंडळी जरा मदत करा. गाडी दीडशे सीसी, सात-आठ वर्षं जुनी, पन्नासेक हजार किमी झालेत. ७०-७५ वरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ६० ते ५० च्या मध्ये हँडल डावी-उजवी थरथरायला लागतं, घट्ट धरलं तर फारसं कळत नाही पण पकड सैल केली की लगेच सुरू, आणि ४५ च्या खाली आली की आपोआप बंद. मागचा टॉप बॉक्स भरलेला असला की जास्तच. गॅरेजवाल्याने कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग) टाइट करून दिला, चार दिवस बरं वाटलं, आता परत तेच आणि वर नवीनच त्रास, ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना गाडी सरळ जातच नाही, सारखी इकडून तिकडे. आता तो म्हणतो पुढचे शॉकप (चाकाच्या दोन्ही बाजूंचे धक्के झेलणारे दांडे) खोलू. पुढच्या महिन्यात आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय, बायको मागे असणार, म्हणून टेन्शन.

हायवे_राजा:
हवा चेक केली का? नायट्रोजन भर आणि स्टीअरिंग डँपर (हँडलचे झटके जिरवणारा छोटा शॉक) लाव, विषय संपला.

बारा_तेराचा_पाना:
डँपर लावून काय होणार, दुखणं तसंच राहतं फक्त ते दिसायचं बंद होतं. आणि नायट्रोजनचा याच्याशी काडीचा संबंध नाही, साधी हवा मॅन्युअलप्रमाणे भर, फक्त टायर थंड असताना.

घाटवेडा, तुझ्याच पोस्टमध्ये उत्तर आहे बघ. हळू चालवताना गाडी भरकटते याचा अर्थ कोनसेट गरजेपेक्षा जास्त आवळलाय, हँडल स्वतःहून सरळ होऊ शकत नाही. आणि आवळल्यावर चार दिवस बरं वाटलं म्हणजे कोनसेटमधल्या वाट्यांना, ज्यात छर्रे (छोट्या गोळ्या) फिरतात, खड्डे पडले असणार. आपले रस्ते, त्यात गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, मग छर्रे त्याच त्याच जागी आपटून तिथे खळगे करतात. असा कोनसेट कितीही आवळा, सैल ठेवला तर खडखडतो आणि घट्ट केला तर अडकतो.

घरी बघायचं तर गाडी डबल स्टँडवर, मागे कुणालातरी दाबून धरायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल एका बोटाने सावकाश फिरव. बरोबर मध्ये आल्यावर टक्कन बसल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. मग दोन्ही शॉकपचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलव, वर टकटक जाणवलं तर ढिला आहे. हात लावलाच आहे तर चाक वर-खाली धरून आडवंही हलवून बघ, खेळ आला तर चाकाचं बेरिंग.

कोल्हापुरी_भटक्या:
वरचं बरोबर आहे पण टायर विसरू नका राव. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरच आणि ठराविक स्पीडलाच होतंय ना? चाकाचा घेर धर १.९ मीटर, म्हणजे ६० ला चाक सेकंदाला जवळपास ९ वेळा फिरतं, आणि पुढचा भाग थरथरायचा स्वतःचा वेगही साधारण तिथेच असतो. त्यामुळे टायर वरखाली झिजला असेल किंवा रिम आउट (वाकडी) असेल तर प्रत्येक फेरीला धक्का बसतो आणि नेमका तिथेच सूर लागतो. टायरवरून दोन्ही दिशांनी हात फिरव, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर टायर बाद. साईडवॉलवर चार आकडे असतात तेही बघ, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. रिमसाठी शॉकपला पेन टेकवून चाक फिरव, २ मिमीपेक्षा जास्त हललं तर आउट काढून घे.

आणि बॉक्स काढून एकदा चालव बाबा. तो मागच्या चाकाच्याही मागे लटकतो, पुढचं हलकं होणारच.

घाटवेडा:
बघितलं. पानादादा, हँडल मध्ये आलं की चक्क खाचेत बसतं! चाकाचं बेरिंग ठीक, रिमपण सरळ. टायर मात्र करवत आहे आणि मूळ कंपनी फिटिंगचाच निघाला 🙈 कोनसेट छर्र्यांचाच टाकू की टेपर रोलरचा (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर)? आणि शॉकप खोलू का?

बारा_तेराचा_पाना:
तुझ्या मॉडेलला मापात टेपर मिळत असेल तर तोच, लवकर खड्डे पडत नाहीत. नाहीतर छर्रेवाला पण चालतो, फक्त पूर्ण सेट. नुसते छर्रे बदलून वाट्या जुन्याच ठेवतात काही जण, समोर उभा राहून करून घे. सीलमधून तेल येत नसेल तर शॉकपला हात लावू नको, उगाच बिल. चाक परत बसवताना मात्र अ‍ॅक्सल पूर्ण आवळायच्या आधी पुढचा भाग चार-पाच वेळा दाबायला सांग, नाहीतर दोन्ही पाय तिरके अडकतात. ३००-४०० किमीनंतर नवीन सेट थोडा बसतो, तेव्हा एकदा परत अ‍ॅडजस्ट. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी करू नको म्हणजे झालं.

कोल्हापुरी_भटक्या:
तोपर्यंत रस्त्यात सुरू झालंच तर हँडलशी कुस्ती करायची नाही, पुढचा ब्रेक तर दाबायचाच नाही. गुडघ्यांनी टाकी आवळ, अंग थोडं पुढे घे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोड. आणि बॉक्समधलं जड सामान सॅडलबॅगमध्ये, जेवढं खाली आणि पुढे जाईल तेवढं.