एक्स-रेच्या पोरांना ‘बोलण्याचे’ गुण द्यावेत का?

दर्याकाठ (धागाकर्ता)

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात रेडिओग्राफी शिकवतो. त्याआधी १७ वर्षं स्वतः मशीनवर होतो. यंदापासून आमच्याकडे प्रात्यक्षिकातले २० गुण ‘व्यावसायिक वर्तन आणि संवाद’ या नावाखाली ठेवलेत. ते असावेत म्हणून भांडणाऱ्यांत मी पुढे होतो. पहिल्याच परीक्षेनंतर माझीच झोप उडाली आहे, म्हणून हा धागा.

पेशंट म्हणून ऑफिसातल्या एक बाई बसल्या होत्या. काम साधं, छातीचा पीए व्ह्यू (पाठीकडून किरण सोडून काढलेला एक्स-रे). पहिला मुलगा आला. नमस्कार, स्वतःचं नाव, पेशंटचं नाव, ‘कृपया दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा’, शेवटी धन्यवाद. २० पैकी १८. मग देवगडकडची एक मुलगी आली, मालवणीत बोलली. “काकी, हयसर रव (इथे उभी राहा). हनुवटी वर. आता मोठो श्वास घे, सोडू नको हां.” तिला ९. घाटावरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला : ‘भाषा ग्रामीण, एकेरी संबोधन.’

सोमवारी ओपीडीत तोच मुलगा. समोर पंचाहत्तरीची आजी, महिनाभर खोकला. हा कन्सोलकडे बघत म्हणाला, “ते काढा.” आजीने पदर नीट केला. फिल्मवर मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या उमटल्या. दुसऱ्या वेळी ‘दीर्घ श्वास रोखून धरा’ झालं, पण आजीने श्वास सोडून धरला. मागच्या जेमतेम आठ बरगड्या दिसत होत्या; श्वास पूर्ण भरला की दहा दिसायला हव्यात. मंगळसूत्र काढायला तर ती तयारच नव्हती, नुसतं वर सरकवलं होतं. तेव्हा ती मुलगी पुढे झाली. “आजी, तुझ्याच मुठीत धर, कोण घेवचो नाय.” आजीने निमूट काढून मुठीत घेतलं, मूठ कमरेवर ठेवली, श्वास भरला. दहा बरगड्या.

आता सांगा, चूक गुण ठेवण्यात आहे की मोजण्यात?

डार्करूम

ठेवण्यातच. मी फिल्म डेव्हलपर-फिक्सरच्या रसायनांत धुण्याच्या काळातला माणूस, हाताला हायपोचा (फिक्सरचा) वास घेऊन जेवलोय. कुणी आमच्या बोलण्याला गुण दिले नाहीत. सिनियर मागे उभा राहायचा आणि पेशंटवर आवाज चढला की बाहेर नेऊन कान पिळायचा. तेवढं पुरायचं. गुण लावलेत की पोरं पाच मिनिटांचं नाटक बसवणार. तुमच्या पहिल्या मुलाने तेच केलं, आणि झकास केलं.

आणि खरी परीक्षा कुठली ते सांगतो. एक्स-रे झाल्यावर म्हातारा शर्टाची बटणं लावत विचारतो, “काय दिसला रे झिला (पोरा)?” तुम्हाला फुप्फुसात गोळा दिसलेला असतो. निदान सांगायचा अधिकार तुमचा नाही. पण ‘काही नाही हो’ म्हटलंत तर खोटं बोललात, आणि चेहरा पडला तर न बोलता सगळं सांगितलंत. ही घटका ऑफिसातल्या बाईंना खुर्चीत बसवून कशी आणणार?

करवंद

दुसऱ्या वर्षाला आहे (कुठल्या कॉलेजात ते विचारू नका). आमच्याकडेही असले गुण आहेत. ‘प्रोफेशनॅलिझम’ म्हणजे एप्रन इस्त्रीचा, केस बारीक, आणि सर कॉरिडॉरमध्ये दिसले की उठून उभं राहणं. मी हॉस्टेलच्या गळतीबद्दल दोनदा तक्रार केली, माझे ४ कापले, कारण ‘ॲटिट्यूड’. उलट आमचा एक सिनियर पेशंटच्या सीटीचा स्क्रीन नावासकट मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकतो, ‘भारी केस’ म्हणून. त्याला पूर्ण गुण. सरही त्या ग्रुपवर आहेत.

अबोली

मी या क्षेत्रातली नाही, पण पेशंटची मुलगी म्हणून लिहिते. आईच्या कमरेचा एमआरआय होता. पहिल्या ठिकाणी तिच्या हातात एक रबरी फुगा दिला आणि आत सरकवलं. तो कशासाठी ते सांगितलं नाही, आवाज होईल हेही नाही. दहा मिनिटांत ती ओरडायला लागली, बाहेर काढावं लागलं. पैसे गेले, आणि त्यानंतर महिनाभर ती ‘त्या बोगद्यात’ जायला तयार नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी विशीतला एक मुलगा होता. त्याने आधी फुगा दाबून दाखवला, “हा दाबलात की मी आत आलोच.” मग म्हणाला, “पावसाआधी पत्रे ठोकतात ना, तसा आवाज येणार. मशीन बिघडलं असं समजू नका.” कानात बोळे दिले, मधेमधे माइकवर ‘अजून सात मिनिटं, काकी’ असं सांगत राहिला. आई पूर्ण वेळ पडून राहिली. मशीन दोन्हीकडे सारखंच होतं. या मुलाला याचे गुण मिळू नयेत?

सेंटरवाला

अबोलीताई, मिळावेत. पण मग माझ्या पोरांचाही दिवस बघा. रोज साठ-सत्तर पेशंट, गणपतीत चाकरमानी आले की त्याहून जास्त. माडावरून पडलेला माणूस स्ट्रेचरवर, मागे दहा नातेवाईक, आणि तेवढ्यात लाइट जाते. एकेकाला तीन मिनिटं. तिथे ‘ओळख करून दिली का’ असा तक्ता घेऊन कोण उभं राहणार?

शिवाय गोड बोलणाऱ्याला पोझिशनिंग येत नसेल तर मी त्याला रिसेप्शनवर बसवीन. आणि धागाकर्त्याने रिपीटचा (एक्स-रे पुन्हा काढावा लागण्याचा) बाऊ करू नये. छातीच्या एका एक्स-रेचा किरणांचा डोस साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने २.४ मिळतो.

दर्याकाठ

डोसचं मान्य. छातीच्या दोन जादा फिल्मनी आजीला काही होत नाही. तोच रिपीट पोटाच्या सीटीचा झाला तर बोला, तिथे आकडा मिलिसीव्हर्टच्या घरात जातो. तरुण बाईचा ओटीपोटाचा एक्स-रे असेल तर आधी पाळीची तारीख विचारायची असते. ती कॉरिडॉरमध्ये सासूसमोर विचारली की खरं उत्तर येत नाही. आडोशाला नेऊन विचारायला फार तर अर्धं मिनिट लागतं, लाइट गेलेली असली तरी. आणि बोलणं चुकलं की जीवही जातो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि गेला तो गेलाच. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ते चुंबक रात्रंदिवस चालूच असतं, हे वॉर्डबॉयपासून नातेवाइकापर्यंत पोचवणं कामाचाच भाग आहे.

डार्करूम, कान पिळणारे सिनियर सगळीकडे असते तर मी गप्प बसलो असतो. तुमच्या ‘झिला’वाल्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी पोरांना एवढंच शिकवतो : मशीनकडे पाठ करा, त्याच्याकडे बघा, ‘फोटो चांगला आलाय, डॉक्टर बघून सांगतील, तिकडे त्या दारात बसा’ म्हणा, आणि शक्य तर दारापर्यंत सोडा.

आता नाटकाचं. खोटा पेशंट बसवून परीक्षा घेण्याची ऑस्की पद्धत हार्डन यांनी डंडीत १९७५ मध्ये मांडली. तिच्यात परीक्षकाच्या लहरीपेक्षा ठरलेला तक्ता चालावा आणि अनेक स्टेशनांवर अनेकांनी बघावं, असा हेतू होता. आम्ही एक स्टेशन, एक परीक्षक ठेवला आणि तक्त्यात ‘भाषा शुद्ध’ असा रकाना घातला. तो रकाना मीच सुचवला होता, हे कबूल करतो.

सेंटरवाल्यांच्या मुद्द्यावरून एक सुचतं. रिपीट रजिस्टर सगळ्यांकडे असतं. त्यात कारण लिहा : श्वास, हालचाल, दागिना, पोझिशन, एक्स्पोजर. यातली पहिली तीन बोलण्याशी बांधलेली आहेत. सहा महिने बघा, कोणाच्या नावावर काय साचतं ते.

डार्करूम

हालचाल बोलण्याने थांबते? दम्याने धापा टाकणारा, पार्किन्सनचा, दारू उतरलेला? हुशार पोरगं अवघड पेशंट दुसऱ्याच्या गळ्यात घालील आणि स्वतःचं पान कोरं ठेवील. रजिस्टरलाही नाटक जमतं, साहेब.

सेंटरवाला

+१. माझ्याकडे हे आधीच होतं. एक जण तर रिपीट लिहायचाच नाही, डिजिटलवर डिलीट मारायचा.

करवंद

मग आम्हाला जोखायचंच असेल तर पेशंटलाच विचारा ना. बाहेर पडताना एकच प्रश्न, ‘आत काय होणार ते सांगितलं होतं का?’ पण विचारणारा आमचा सर नको. कँटीनवाल्या मावशी चालतील.

अबोली

आईला विचारलं. म्हणाली, पहिल्या ठिकाणीही मी ‘हो, सगळं सांगितलं’ असंच म्हटलं असतं. रिपोर्ट त्यांच्याच हातात असतो ना.

दर्याकाठ

हे मात्र मला सुचलं नव्हतं. म्हणजे विचारायचं तर रिपोर्ट हातात पडल्यावर, आणि कॉलेजबाहेरच्या कुणीतरी. एकेरीचा मुद्दा मी बैठकीत मांडतोय. मालवणीत काकीला ‘तू’ म्हणणं उद्धटपणा नाही, हे लिहून द्यावं लागणार असं दिसतं.

डार्करूम

ते सगळं राहू दे. त्या पोरीच्या नवाचं काय झालं?

दर्याकाठ

नऊच आहेत. फेरतपासणीचा अर्ज तिने स्वतः लिहिला, एकही चूक नसलेल्या प्रमाण मराठीत. मी सही करून पुढे पाठवलाय.