ख्रिसमस ट्रीवर गोळेच का लावतात? (आणि बाकी सजावटीचा अर्थ काय)

मुग्धा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध आहे पण लेकीने (वय 6) भंडावून सोडलंय. सोसायटीत यंदा ट्री आणलाय, तो सजवताना म्हणते, आई झाडाला फळं लागतात ना मग आपण गोळे का लावतोय? मी "छान दिसतं म्हणून" सांगून वेळ मारून नेली, पण खरं सांगायचं तर मलाच पटलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड की जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्युथरने जंगलात फांद्यांमधून तारे बघितले आणि घरी येऊन झाडावर मेणबत्त्या लावल्या, दुसरा म्हणतो हे सगळं रोमन लोकांचं ढापलेलं. गुगल मीही करू शकते हो, ज्यांच्या घरात हे होतं किंवा ज्यांनी जवळून बघितलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

थुरिंगियातला_पाहुणा
मुग्धाताई, लेकीला शंभरपैकी शंभर द्या, कारण ती मुळात फळंच होती! जर्मन मुलखात 24 डिसेंबर हा आदाम-एवेचा दिवस, त्यांनी देवाने मना केलेलं फळ खाल्लं त्या गोष्टीची नाटकं व्हायची, आणि नाटकाला फळं लागलेलं झाड पाहिजे. आता तिकडच्या डिसेंबरात सफरचंदाच्या झाडाला पानसुद्धा नसतं, मग हिरवं राहणारं फरचं झाड आणून त्याला सफरचंदं बांधायची. स्ट्रासबर्गचं 1605 सालचं वर्णन आहे की लोक नाताळात घरात झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, वेफर, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात. वेफर म्हणजे बटाट्याचे नव्हेत, चर्चमधल्या मिस्सा या प्रार्थनाविधीत प्रसाद म्हणून देतात तसल्या पातळ चकत्या. म्हणजे पाप आणि त्यावरचा उतारा एकाच फांदीवर, मला हे फार आवडतं.

काचेचे गोळे बरेच नंतरचे. इथे जर्मनीत, आमच्या थुरिंगियात, लाउशा म्हणून काच फुंकणाऱ्यांचं गाव आहे, तिथल्या 1848 च्या ऑर्डरवहीत त्यांची नोंद सापडते. मी दोन वर्षांमागे जाऊन बघितलं, बाई काचेची नळी गॅसच्या ज्योतीवर बोटांनी गरागरा फिरवत होती, टोक लाल झालं की ज्योतीतून बाहेर काढून एक फुंकर, की झाला फुगा, मग आत चांदीचं द्रावण घालून हलवलं की बघता बघता आतून आरसा, मग रंगात बुडवून खिळ्यांच्या फळीवर उलटा वाळत. गरीब कारागिराला सफरचंदं परवडेनात म्हणून त्याने काचेची फुंकली असं आमच्या गाइडने रंगवून सांगितलं, ती दंतकथा समजा. ल्युथरचंही तेच, तो 1546 ला गेला, त्याच्या काळातल्या लिखाणात ही गोष्ट कुठेच नाही, मागाहून चिकटवलेली आहे.

शंकासुर
म्हणजे रोमन वगैरे सगळी फेकाफेकी?

थुरिंगियातला_पाहुणा
सगळी नाही. ऐन हिवाळ्यात हिरव्या फांद्या घरात आणायची हौस रोमन लोकांनाही होतीच. पण तिथून थेट आजच्या ट्रीपर्यंत रेघ मारता येत नाही, मधली दीड हजार वर्षं कोण भरणार? आणि मेणबत्त्या लावलेलं हिरव्या पानांचं चक्र तर अगदीच अलीकडचं, 1839 मध्ये हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या पाद्र्याने गरीब मुलांच्या आश्रमात बैलगाडीसारखं लाकडी चाक टांगलं, नाताळाआधीच्या 4 रविवारांच्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या, बाकी दिवसांच्या छोट्या लाल. पोरं रोज विचारायची म्हणे, नाताळ कधी, नाताळ कधी.

वसईचा_बावखल
झाडाचं झालं असेल तर आता गोठ्याकडे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याकडे, वळूया का? आमच्याकडे झाड म्हणजे बिऱ्हाडकरू, घरमालक गोठा. ह्याचं श्रेय असिसीकर संत फ्रान्सिसला देतात, त्याने 1223 च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत भरलेली गव्हाण आणि खराखुरा बैल-गाढव आणून लोकांना बेथलेहेम दाखवलं. गंमत म्हणजे शुभवर्तमानातल्या (बायबलमधलं येशूचरित्र) जन्मकथेत बैलही नाही आणि गाढवही नाही, ती जोडी यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून आलीय. बाळाला बघायला आलेल्या तीन राजांचंही तसंच, शुभवर्तमानकार मत्तय "पूर्वेचे ज्ञानी" म्हणतो, किती ते सांगत नाही, पण भेटी तीन, सोनं, ऊद, गंधरस, म्हणून माणसंही तीन झाली. चांदणी लावतो ती त्यांना वाट दाखवणाऱ्या ताऱ्याची.

आमच्या घरी 12 तारखेच्या आसपास डब्यांच्या झाकणात गहू पेरतात, नाताळपर्यंत वीतभर हिरवं शेत तयार होतं ते गोठ्याभोवती मांडायचं. आरशाचं तळं, त्यात प्लास्टिकचं बदक, उंटापेक्षा मेंढी मोठी, सगळं असतं. एका वर्षी मी झाकणं उन्हाला म्हणून ओट्यावर ठेवली आणि शेजारच्या कोंबड्यांनी 24 च्या सकाळी शेत साफ केलं, आजी दुपारभर माझ्याशी बोलली नाही. बाळ येशू मात्र मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावरच ठेवायचा, तोवर गव्हाण रिकामी.

शंकासुर
अरे हे तर दिवाळीचा किल्ला झाला की! अळीव पेरायचे, आरशाचं तळं, आणि मावळ्यापेक्षा वाघ लहान 😄

वसईचा_बावखल
तेच तर. शाळेतले मित्र दिवाळीत किल्ला करायचे, मी त्यांच्या मदतीला आणि डिसेंबरात ते माझ्या गोठ्याला, माती तीच वापरायचो.

थुरिंगियातला_पाहुणा
फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातही 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात, चांगला उगवला तर पुढचं वर्ष बरकतीचं. तो नाताळात टेबलावर नाहीतर गोठ्यात ठेवतात.

मुग्धा_डोंबिवली
बापरे, खजिना निघाला! लेकीला सफरचंदाचं सांगितलं तर म्हणते मग खरीच लावूया, त्यामुळे सोसायटीच्या ट्रीवर सध्या 3 सिमला सफरचंदं लोंबतायत आणि फांदी वाकलीय. दिवाळीतले अळीव उरलेत तेही भिजवले, आज 15 तारीख आहे, उगवतील ना? आणि तीन राजे कधी ठेवायचे?

वसईचा_बावखल
अळीव गव्हापेक्षा लवकर येतात, आरामात उगवतील, रोज फक्त पाणी शिंपडा, ओतू नका. राजे 6 जानेवारीला पोचतात. आमचे तोवर फ्रिजवर असतात, रोज एकेक पाऊल पुढे सरकवायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं. कोंबड्या नाहीत ना सोसायटीत?