मदत हवी आहे : बटणं कळली, कट कुठे मारायचा ते कळत नाही

नमस्कार मंडळी,

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत. नोकरी फोंड्याला, त्यामुळे एडिटिंगला वेळ मिळतो तो रात्री जेवणं झाल्यावर आणि रविवारी. गेल्या चवथीला काका माटोळीचं सामान आणायला रानात गेले, तेव्हा फोन घेऊन मी मागे मागे फिरलो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो : माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घड, तोरिंगं आणि कांगलां, माट्टी, कवंडाळ अशी रानातली फळं बांधतात. बांधायला कुंभ्याच्या सालीचे दोर. काका सत्तरीतले आहेत, दोन्ही अर्थांनी. अजून किती वर्षं रानात जातील कोण जाणे, म्हणून हा खटाटोप.

एकूण फूटेज ६ तास ४० मिनिटं. त्यातून १४ मिनिटांची फिल्म केली आणि घरच्यांना टीव्हीवर लावून दाखवली. पाचव्या मिनिटाला चुलतभावाने फोन काढला. सातव्या मिनिटाला काकी उठली, आत जाऊन आली आणि म्हणाली, "कितें रे, आजून सोंपूंक ना?" काका मात्र शेवटपर्यंत बघत होते, पण ते स्वतःलाच बघत होते, त्यांचं मत धरत नाही.

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, म्हणून प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, करून काम चालवतो. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं. पणजीत एका ठिकाणी दोन दिवसांचा वर्गही केला. तिथे शॉर्टकट आणि ट्रान्झिशन शिकवले आणि सरावाला एका जाहिरातीचं फूटेज दिलं. त्यातला प्रत्येक शॉट इतका चकचकीत, की कुठेही कापा, बरंच दिसायचं. घरी येऊन माझं हलणारं, पावसात भिजलेलं फूटेज उघडलं आणि हात थांबला. नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाला जातो तेव्हा अंधारात बोटांवर कट मोजतो. पाच-सहा कट मोजून होतात, मग गोष्टीत शिरतो आणि मोजणी राहून जाते.

तर हाताला वळण लागेल असा सराव नक्की कसा करायचा? काका माडीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढतात तो सलग चार मिनिटांचा शॉट कापवत नाही, त्याचं काय करू? आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या पुढे जातो, हे का होतं?

प्रतिसाद

शेवटचं आधी, कारण ते सोपं आहे. फोन बहुधा बदलत्या फ्रेमरेटने (सेकंदाला किती चित्रं, तो दर) रेकॉर्ड करतो. सेटिंगमध्ये ३० दिसतं, पण उजेड कमी झाला की फ्रेम कमी-जास्त होतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ठराविक रेट धरून चालतं, म्हणून आवाज आणि चित्र यांची फारकत होते. सगळ्या क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढा आणि मग टाइमलाइनवर घ्या. आधीचा कट मात्र पुन्हा जुळवावा लागेल, त्याला इलाज नाही.

आता सराव. सरावासाठी दुसऱ्याचं फूटेज शोधू नका, तुमच्याकडे पावणेसात तास पडलेत. ते एकदा सलग बघा, हातात वही. कुठे काय आहे ते वेळेसकट लिहा आणि तुम्ही स्वतः जिथे सावरून बसलात तिथे फुली मारा. पहिल्यांदा बघताना जे होतं ते विसाव्या वेळी होत नाही, म्हणून ती फुली जपा. मग फक्त फुलीवाल्या जागांची एक मिनिटाची फिल्म करा, संगीताशिवाय. दुसऱ्या दिवशी तीच फिल्म आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्या दिवशी उलटं, चित्राकडे न बघता नुसत्या आवाजाची : कोयता, साल सोलणं, ओढ्याचं पाणी. तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त शिकाल, कारण बहुतेक कट आवाज ओढून नेतो. साल सोलल्याचा आवाज आधी येऊ द्या, चित्र मागाहून.

प्रतिसाद

कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी केलेला प्रयोग घरीच करून बघा. त्याने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्याशी जोडला. लोकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. तुम्ही काकांचा वर बघतानाचा शॉट घ्या. पुढे एकदा पाऊस लावा, एकदा सुपारीचा घड, एकदा रिकामी चौकट. काकीला दाखवा आणि काका काय विचार करतायत ते विचारा. माडीच्या शॉटचं उत्तरही तिथेच मिळेल. वर चढणं सगळ्यांना माहीत आहे. खाली उभं राहून कोण बघत होतं?

धागाकर्ता

दोघांचे आभार. हँडब्रेकने आवाजाचं काम झालं, रात्रभर लॅपटॉप चालू ठेवावा लागला एवढंच.

माडीचा शॉट पुन्हा ऐकला. खाली काकी उभी होती. चित्रात कुठेच नाही, पण चारही मिनिटं तिचा आवाज आहे, हळू चढ म्हणून. मी तो गोंगाट समजून म्यूट केला होता. आता शॉट ४० सेकंदांचा केलाय आणि तिचा आवाज आधीच्या शॉटपासूनच सुरू होतो. यंदाच्या चवथीला तिचा चेहरा घ्यायचा आहे, पण कॅमेरा दिसला की ती पदर सावरते आणि बोलायची थांबते. त्याला काही उपाय आहे का?